पल्लवीचा पगार आणि माझा टॉवेल

मला राग फार कमी येतो. दिवसातनं आठ-दहा वेळा, फार तर.

वडिवळ्याच्या रस्त्याला माझी भात भरडायची गिरणी आहे. तिच्या धडधडीवर आवाज चढवून बोलायची तीस वर्षांची सवय. त्यामुळं मी नुसतं "चहा टाक" म्हणालो तरी शेजारचे दार उघडून बघतात, कुणाचं भांडण लागलंय म्हणून. (आमच्या हिचं म्हणणं, मी देवळात देवालासुद्धा दम देतो. साफ खोटं. मी फक्त जाब विचारतो.) पण आज ज्या रागाबद्दल सांगतोय तो असला रोजचा राग नव्हता. तो तीन महिने टिकला, तो अगदी रास्त होता, आणि तो वाया घालवायचं काम मी स्वतः केलं.

माझी मुलगी पल्लवी सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. हिंजवडीकडच्या एका कंपनीत तिला चार वर्षं झालेली. आठवड्यातले दोन दिवस ऑफिसला जायची, तीन दिवस घरनं काम करायची. घरनं म्हणजे गच्चीवरनं, कारण आमच्या घरात खाली नेट येत नाही. पाण्याच्या टाकीच्या सावलीला टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि त्याच्यासमोर ही दहा-दहा तास. मधेच कुणीतरी पलीकडनं तिला काहीतरी विचारायचं आणि ही शांतपणे सांगत बसायची. मला वाटायचं, वा, पोरगी साहेब झाली!

गणपती उठले त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती गच्चीवरनं खाली आली ती तोंड पाडून.

"काय झालं गं?"

"आण्णा, रोहनला नऊ लाख देतात."

"कोण रोहन?"

"मी ज्याला काम शिकवलं तो. माझ्यानंतर दोन वर्षांनी आलाय."

"आन् तुला?"

"साडेसहा."

मी ताटावरनं उठलो. आमटी तशीच. "का? त्याला चार हात हायेत?"

"त्यानं मागितले."

"आन् तू?"

"मी न्हाई मागितले."

"का न्हाई मागितलेस?"

आता ती माझ्यावरच उखडली. "मागायचं कसं ते कुणी शिकवलंय का मला? शाळेच्या सहलीला पैसे मागितले तर तुमीच म्हणायचात, मागत जाऊ नको, आपण मागणाऱ्यातले न्हाई. मी तेच धरून बसले. चार वर्षं वाटलं, चांगलं काम केलं की आपोआप देतील."

आपोआप! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कंपनीवर गेली, त्या रोहनवर गेली आणि थोडी सहलीवरसुद्धा गेली. "ती नोकरी सोड," मी म्हणालो. "दुसरी बघ. आन् मागायचं कसं, ते हा तुझा बाप शिकवतो."

आमची ही भाकरी थापता थापता म्हणाली, "झालं कल्याण."

पल्लवीनं दुसरी नोकरी शोधायला घेतली. दिवसभर जुन्या कंपनीचं काम आणि पहाटे उठून अभ्यास. अडीच महिने असं चाललं. मग एका नव्या कंपनीनं तिच्या एकामागनं एक चार मुलाखती घेतल्या. चारी पास! आता फक्त पगाराचं बोलणं राहिलं होतं. आणि त्या कंपनीनं पहिलं काय मागावं? आताच्या पगाराची स्लिप!

"ती कशाला?" मी विचारलं.

"आता जो पगार आहे त्याच्यावर पंचवीस-तीस टक्के वाढवून देतात. तशी पद्धतच आहे."

"म्हणजे पहिल्यानं लुटलंय, तेवढ्याच मापानं दुसऱ्यानं लुटायचं? अगं, बाजारात बैल घेताना माणूस त्याचे दात बघतो, खांदा बघतो, चालवून बघतो. आदल्या मालकानं केवढ्याला घेतला त्याची पावती मागत न्हाई! तू काम काय करतीस ते बघावं की त्यांनी!"

"तेच तर म्हणतीय मी, आण्णा."

मग तिनं मला पॅकेज ही भानगड समजावून सांगितली. वर्षाचा आकडा मोठा सांगायचा. त्यातच पीएफ, त्यातच विमा, त्यातच वर्षअखेरीला 'जमलं तर' द्यायचा बोनस. सगळं वजा जाता महिन्याला हातात पडतं ते वेगळंच. मला हे एका मिनिटात समजलं. आमच्या गिरणीत भात येतं पोतंभर. तूस गेलं, कोंडा गेला, कणी गेली, की तांदूळ घरी जातो तो केवढा, ते रोज बघतोय.

"मग लोक सगळीकडं पोत्याचा आकडा का सांगत फिरतात?"

"लग्न जमवायला," पल्लवी म्हणाली.

तिनं आपला आकडा काढून ठेवला होता. चांगल्या आठ-दहा मित्रमैत्रिणींना विचारून, वहीत लिहून. चौदा लाख. तिच्याएवढं काम येणाऱ्याला बाजारात तेवढे देतात, एक पैसा जास्ती नाही, एक पैसा कमी नाही. मी म्हणालो, "शाब्बास! चौदा म्हणजे चौदा!" आणि वर चारदा टेबलावर हात आपटला.

दुसऱ्या दिवशी हिचा भाऊ बाळासाहेब कामशेतवरनं भात भरडायला आला. त्याचा विकी पुण्यात कंपनीत आहे. बाळासाहेबाला विकीचं पॅकेज सांगितल्याशिवाय पोतं खाली उतरवता येत नाही.

"दाजी, आमच्या विकीचं अठरा झालं बरं का. पल्लीचं कुटवर आलं?"

"चौदा मागतीय नव्या कंपनीला."

"चौदा?" बाळासाहेब हसला. "मुलीला? कोण देतंय, दाजी!"

मी गिरणी बंद केली. मुद्दाम. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "का? मुलीचा कॉम्प्युटर कमी विजेवर चालतो का? तुझ्या विकीला परवा कसलं तरी अडलं तर त्यानं रात्रीत फोन कुणाला केला? पल्लीलाच ना?" बाळासाहेबाचं पोतं मी सगळ्यात शेवटी घेतलं, आणि त्याच्या तांदळात कणी जास्त निघाली त्यात माझा काहीही हात नव्हता. पण खरं सांगतो, त्याचं ते "कोण देतंय" माझ्या कानात कुठंतरी जाऊन बसलं, आणि गिरणी परत चालू केली तरी ऐकू येत राहिलं.

आता शिकवणी. इथं मला माझ्याबद्दल दोन शब्द सांगावे लागतील, कारण दुसरं कुणी सांगत नाही. बैलगाडा शर्यती परत सुरू झाल्यापासनं आमच्या भागात शर्यतीच्या बैलांना सोन्याचे भाव आलेत, आणि बैल घेताना-विकताना आंदर मावळापासनं लोक मला मध्यस्थ म्हणून घेऊन जातात. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेल टाकायचा, टॉवेलाखाली हात हातात घ्यायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. चार माणसं भोवती उभी असतात, कुणाला पत्ता लागत नाही. असे कितीतरी बैल या बोटांनी विकलेत.

"तीन गोष्टी ध्यानात ठेव," मी पल्लवीला गच्चीवर बसवून सांगितलं. "आपला आकडा आधी बोलायचा न्हाई. तोंडावरची माशी उडवायची न्हाई. आन् समोरचा मागं-पुढं करायला लागला की दावं सोडायचं आन् बैल घेऊन चालू लागायचं. दहा पावलं जायच्या आत मागनं हाक येती, 'ओ पाव्हणं, थांबा!' आलीच पाहिजे."

"आण्णा, तितं बैल असतो. हितं बैल पण मीच आन् मालक पण मीच. चालू कोण लागणार?"

"ते मी बघतो," मी म्हणालो. वाईट आहे ते एवढंच, की मी ते खरंच बघितलं.

बोलणं सकाळी अकराला होतं, व्हिडिओवर. मी पक्का बंदोबस्त केला. गिरणी बंद. हिला जिन्यात उभं केलं, कुत्रं धरून. पल्लवी टेबलाशी इस्त्रीचा ड्रेस घालून बसली आणि मी टेबलाखाली पोत्यावर, कॅमेऱ्यात दिसू नये असा. तिचा डावा हात माझ्या हातात, वरनं माझा टॉवेल. मूठ मिटली की गप्प राहायचं, बोटं दाबली की चढवायचं, मनगट ओढलं की चालू लागायचं. ("मी उजव्या हातानं लिहिते म्हणून बरं," ती पुटपुटली.)

पलीकडनं शर्वरी नावाच्या मॅडम बोलत होत्या. पगार ठरवायचं त्यांच्याकडंच होतं. आवाज फार गोड. मी मनात म्हणालो, गोड बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला जपून राहावं.

"पल्लवी, चारही राउंड उत्तम झालेत तुमचे. तर तुमची अपेक्षा किती आहे?"

मी मूठ मिटली. पल्लवी गप्प.

"पल्लवी? आवाज येतोय ना?"

मूठ.

"हॅलो? तुमचं नेट अडकलंय का? तुम्ही हलत नाही आहात."

मूठ, आणखी घट्ट. जिन्यातनं ही कुजबुजली, "अगं, बोल की! तोंड शिवलंय का?" कुत्र्यानंही दुजोरा दिला. मी टेबलाखालनं दोघांकडं डोळे वटारले.

शेवटी पल्लवीच म्हणाली, "मॅडम, तुमचं बजेट काय आहे ते आधी सांगाल का?"

वा रे माझ्या वाघा! मला टेबलाखाली टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"तुमचा सध्याचा पगार बघता आम्ही साडेआठपर्यंत जाऊ शकतो."

साडेआठ! त्या रोहनपेक्षा कमी! माझ्या रागाचा सगळा जोर माझ्या बोटांत उतरला.

"आई गं!" पल्लवी किंचाळली.

"काय झालं?"

"काही नाही मॅडम. मुंगी चावली." मग तिनं एक श्वास घेतला आणि माझ्या कुठल्याही बोटाची वाट न बघता बोलायला लागली. आत्ताच्या कंपनीत पैसे भरण्याचा सगळा भाग तिनं एकटीनं कसा उभा केला, कुठं काय बिघडायचं, ते कसं बसवलं, किती माणसं तिच्या हाताखाली शिकली. मला त्यातलं ओ का ठो कळलं नाही. पण आवाज कुठंही हलला नाही. शेवटी ती म्हणाली, "म्हणून माझी अपेक्षा चौदाची आहे."

"चौदा म्हणजे तुमच्या आत्ताच्या दुपटीच्या वर जातंय. मला वरिष्ठांशी बोलावं लागेल. बोलून कळवते."

हे वाक्य मी बाजारात हजारदा ऐकलंय. "घरी इचारून सांगतो" म्हणणारा माणूस घरी विचारत नाही, तो पलीकडचा बैल बघायला जातो! मी मनगट ओढलं. पल्लवी हलली नाही. परत ओढलं. तिनं हात सोडवून घेतला आणि "चालेल ना मॅडम, मी..." असं काहीतरी म्हणायला लागली. वाट बघायला लागली! खेळ हातचा चालला!

मी टेबलाखालनं उभा राहिलो. आदल्या दिवशीचं तूस माझ्या डोक्यावर, भुवयांवर, मिशीत. टॉवेल खांद्यावर. शर्वरी मॅडमचा चेहरा मी त्या वेळी पहिल्यांदा पाहिला आणि त्यांनी माझा.

"परवडत नसंल तर ऱ्हाऊ द्या!" मी गिरणीच्या आवाजात म्हणालो. "आमी चाललो!" आणि लॅपटॉप धाडकन मिटला.

गच्चीवर चिडीचूप. कुत्रंसुद्धा बसलं.

"आता बघ," मी हाताची घडी घालून म्हणालो. "दहा पावलात हाक येती."

पाच मिनिटं गेली. पंधरा गेली. अर्धा तास गेला. मी टाकीला दोन फेऱ्या मारून आलो.

"आण्णा," पल्लवी म्हणाली, "दहा पावलं झाली."

मग ती जी फुटली! "अडीच महिने पहाटे उठले मी. चार मुलाखती दिल्या. पहिल्यांदा तोंडानं मागितलं कुणाला तरी, जन्मात पहिल्यांदा! आन् तुमी मिटवून टाकलंत. मी बैल न्हाई, आण्णा! आन् त्या मॅडम बाजारात न्हाईत!" लॅपटॉप उचलून ती खाली गेली. नेट गेलं होतं, क्षमस्व, असा मेल तिनं जरा वेळानं परत वर जाऊन पाठवला. (नेट गेलं होतं! त्या बाईंनी माझ्या मिशीतलं तूस मोजलं असेल.) त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

घरात माझ्याशी कुणी बोलेना. ही ताट वाढायची आणि ताटाशी बोलायची. "काही मान्सं बैल इकायला जात्यात का लेकीची नोकरी लावायला, देव जाणे." पल्लवी जुन्या ऑफिसला जाऊन आली. त्या रोहनला नवीन काम शिकवायचं परत तिच्याच गळ्यात पडलं होतं. ती हे आईला सांगत होती, मला नाही, पण मला ऐकू येईल एवढ्या आवाजात. मला कंपनीचा राग आला, शर्वरी मॅडमचा राग आला, आणि तोंड धुताना आरशात जो समोर आला त्याचाही आला.

आणि अशात बाळासाहेब परत हजर! "काय दाजी? चौदा आले का?" मी त्याच्याकडं पाठ केली. "म्हनलो न्हवतो? अवो, मुलीच्या मानानं दहा-अकरा म्हंजे डोक्यावरनं पाणी. लय ताणू नये."

मी त्याला बाहेर काढलं. पण तो जे बोलला ते काही बाहेर गेलं नाही. दुपारी मी गच्चीवर गेलो. पल्लवी जेवायला खाली होती. वही उघडी पडली होती, त्यात "शर्वरी मॅडम" आणि पुढं नंबर. मी तो हातावर लिहून घेतला आणि गिरणीमागं कोंड्याच्या ढिगाशी जाऊन फोन लावला.

"मी पल्लवीचा वडील बोलतोय. वडिवळ्यावरनं. परवा तुमची-माझी भेट झाली."

"हो," मॅडम म्हणाल्या. "आठवतंय."

"त्या दिवशी जरा गैरसमज झाला. पोरगी चौदा बोलून गेली. लहान हाय. तुमी मनावर घेऊ नका." मी आवाज इतका खाली आणला की माझा मलाच ओळखू येईना. "मधलं काय तरी काढा. अकरा करा. अकरात मी शब्द देतो. आजच उरकून टाका."

पलीकडनं आवाज नाही. मला वाटलं, अजून उतरवायला लागणार.

"बरं, साडेदहा..."

"काका, थांबा," मॅडम म्हणाल्या. "तिचे चौदा सकाळीच मंजूर झालेत. मी आत्ता तिला मेलच करत होते."

कोंड्याच्या ढिगाला मी पाठ टेकली. ढीग मागं सरकला आणि मी बसलो.

"मग... मग करा की मेल!" मी ओरडलो.

"करणारच होते. पण आता तुम्ही साडेदहा म्हणताय, आणि तुमचा आवाज इथं शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू आलाय. साहेब विचारतायत, मुलगी कमीत यायला तयार आहे का म्हणून. मी तिच्याशी बोलते." आणि फोन ठेवला.

त्या दिवशी भरडायला आलेल्या पाच जणांना मी "दोन मिनिटं" सांगून घरी निघालो. जिना चढताना वाटलं, सांगावंच कशाला? पण पल्लवीला कळणारच होतं, आणि माझ्या आधी त्या बाईंकडनं कळलं असतं तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. गच्चीवर गेलो आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"किती म्हणालात?" तिनं विचारलं.

"अकरा." मग खरं सांगितलं. "शेवटी साडेदहा."

"का?"

मी बाळासाहेबाला शिव्या दिल्या. नेटला दिल्या. कंपनीला दिल्या. ती बघतच राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं, मला रागावणारी माणसं झेपतात. शिव्या संपल्या तेव्हा मी म्हणालो, "मला वाटलं, तुला चौदा कोण देतंय."

"ते देत होते, आण्णा," पल्लवी म्हणाली.

तीन महिने मी त्या कंपन्यांच्या नावानं गावभर बोंबलत होतो. माझ्या पोरीची किंमत त्यांना कळत नाही म्हणून! मुलगी म्हणून कमी देतात म्हणून! आणि त्यांनी चौदा लावले, साडेदहा मी लावले. परक्यांच्या बैलासाठी एक रुपया न सोडणारा माणूस मी, आणि लेकीचे साडेतीन लाख मी कुणी न मागता सोडले. मला माझी इतकी लाज वाटली की मी टाकीकडं तोंड करून उभा राहिलो.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. शर्वरी मॅडम. पल्लवीनं मला बोटानं जिना दाखवला. मी गेलो, पण तीनच पायऱ्या.

"हो मॅडम, कळलं मला," ती म्हणाली. "नाही. माझ्या पगाराचं फक्त मीच बोलते. चौदा सांगितले होते, चौदाच आहेत." मग, "हो, ते माझे वडील. हो, तेच, टेबलाखालचे." मग, "नाही मॅडम, कॉम्प्युटरशी काही संबंध नाही त्यांचा. भात भरडतात." मग बराच वेळ ती ऐकत होती. "साहेब बारा म्हणतायत?"

बारा! माझ्यामुळं! तिच्या तोंडातनं आता 'चालेल' येणार, असं मला वाटलं, आणि आलं असतं तर मी जन्मभर त्या तिसऱ्या पायरीवर बसून राहिलो असतो.

"मग राहू द्या मॅडम," पल्लवी शांतपणे म्हणाली. "तुम्ही वेळ दिलात, आभारी आहे."

आणि तिनं फोन ठेवला नाही. आदळला नाही. उठली नाही, ओरडली नाही. नुसता कानाला लावून बसली. माझ्या मागं जिन्यात ही येऊन उभी होती, तिनं माझा दंड धरला होता. बाजारात मी कुठल्याही बैलासाठी एवढा वेळ श्वास धरलेला नाही.

"थँक यू, मॅडम," पल्लवी म्हणाली. "हो. चौदा. मेलची वाट बघते."

मी तीन पायऱ्या एका ढांगेत चढलो. "बघितलंस? चालू लागायचं! मी काय शिकवलं होतं?"

मायलेकींनी माझ्याकडं जे बघितलं, त्यानंतर मी गिरणीवर गेलो आणि त्या पाच जणांचं भात भरडत बसलो. पैसे घ्यायचेसुद्धा विसरलो. त्यांनी आठवण केली नाही.

मेल संध्याकाळी आला. ही शेजारीपाजारी पेढे वाटून आली, आणि बाळासाहेबाकडं मी स्वतः गेलो, चौदा पेढे मोजून घेऊन. पल्लवी आठवड्यानं माझ्याशी नीट बोलायला लागली. आधी "मीठ द्या", मग "आण्णा, मीठ द्या". नवीन नोकरीला लागायच्या आधी तिला कंपनीचा एक लांबलचक फॉर्म भरायचा होता. मी शेजारी बसून बघत होतो, तोंड मिटून. (आता घरात मला एवढीच परवानगी आहे.) एका ठिकाणी विचारलं होतं, कर्मचाऱ्याला काही झालं तर घरी कुणाला कळवायचं. तिनं आईचं नाव लिहिलं, आईचा नंबर लिहिला.

माझा पारा चढलाच. "का? बाप मेलाय का? त्या बयेला चालवता तरी येतो का फोन?"

"आण्णा, आधी तुमचाच दिला होता," पल्लवी म्हणाली. "शर्वरी मॅडम म्हणाल्या, दुसरा कुठला तरी द्या, हा आमच्याकडं ब्लॉक केलेला आहे."